ढोलकीच्या तालावर वाचलेली कादंबरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण मी एकदा सांगायला लागलो की मध्ये थांबणार नाही. माझी ही फजिती सगळ्या गावानं पाहिली, गावाच्या जावयांनी पाहिली, शेजारच्या गावांतल्या लोकांनी तर सायकली टेकवून पाहिली. आता तुम्ही चार लोक तेवढे उरलात. घ्या, चहा घ्या. सांगतोच.

मी जनावरांचा डॉक्टर. म्हणजे खरं तर डॉक्टर नाहीच, डॉक्टरसाहेबांच्या हाताखालचा माणूस. लस टोचायची, जखम धुवायची, अडलेली म्हैस सोडवायला मदत करायची. पण आमच्या पवनीकडच्या खेड्यांत ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर! मीही कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही. कायले करू?

स्वभावानं मी गंभीर. उगाच हसणं नाही, गाणं नाही, वरातीत नाचणं तर नाहीच नाही. म्हशीच्या मागच्या बाजूला हात घालून उभं राहायचा धंदा आहे माझा. हसत हसत करून पाहा बरं तुम्ही! म्हैस सहन करत नाही.

आणि दुसरा स्वभाव म्हणजे हट्टी. एकदा ठरवलं की ठरवलं. एक बैल लस न घेता पळाला, तर मी त्याच्यामागं वैनगंगेच्या काठापर्यंत पळालो होतो. बैल पाण्यात उतरला. मीही उतरलो. शेवटी त्यालाच माझी दया आली आणि तो उभा राहिला.

तर झालं असं. दसऱ्याला आमची प्राची घरी आली. प्राची म्हणजे आमची मुलगी, नागपूरला शिकते. येताना तिनं एक कादंबरी आणली. कादंबरी कसली, वीटच! डोक्यात घातली तर माणूस जागेवर गार. किल्ले, वेढे, लढाया, फितुरी, सगळं त्यात.

मी सहज हातात घेऊन वजन पाहत होतो, तर पोरगी म्हणते, "बाबा, तुम्ही जन्मात एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं का हो?"

"वाचलं ना! गोचिडावरचं."

"ते औषधाच्या डब्यातलं पत्रक होतं बाबा!"

आतून आमची मंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, अशी हसली, अशी हसली की तिच्या हातातला झाराच खाली पडला. "यायले पेपर देल्ला तं मथळा वाचता वाचता घोरते तुहा बाप! कादंबरी वाचते म्हने!"

बस! डोकं फिरलं माझं. मी ती वीट छातीशी धरली आणि म्हणालो, "दिवाळीच्या पाडव्याच्या आत हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो का नाई ते पाहा!"

प्राची परत गेली. मी वाचायला बसलो.

आता तुम्ही म्हणाल, वाचायला काय लागतं? शांतता लागते राजेहो! आणि आमचं घर कुठं, तर रस्त्यावर. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला आलेला. एकीकडं मळणीयंत्राची घरघर, दुसरीकडं शेजारच्यांचा टीव्ही, वर आमच्या मंदाचा फोन. तिची बहीण तुमसरला असते. मंदा फोनवर बोलते तेव्हा फोन नसता तरी तुमसरला ऐकू गेलं असतं. किल्लेदार दरवाजात उभा राहिला की इकडून कोणी तरी ओरडायचं, "आवं, बकरी शिरली नं वांग्यात!" की मी पुन्हा पहिल्या ओळीवर. आठवडाभर तो बिचारा किल्लेदार दरवाजातच उभा. मला त्याचीच काळजी वाटायला लागली.

शेवटी लाज सोडून प्राचीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी ठेवून गेली नं कपाटात, ते लहान इअरफोन घाला कानात. शब्द नसलेलं संगीत लावा हळू आवाजात. बाहेरचं काही ऐकू येत नाही, लक्ष लागतं. आम्ही सगळे असंच वाचतो."

कपाटात पाहिलं. चवळीच्या दाण्याएवढी ती बटणं! मोबाईलला वायर नाही, काही नाही. कानात घातली आणि काय सांगू, जग बंद! मळणीयंत्र बंद, टीव्ही बंद, मंदाही बंद! लग्नानंतर पहिल्यांदा!

पण वाजवायचं काय? पहिल्या दिवशी सनई लावली. तिकडं किल्ल्यावर फितूर पकडला आणि इकडं सनई ऐकून मला प्राचीच्या लग्नाचा विचार यायला लागला. डोळ्यांत पाणी. पोरीचं लग्न ठरलेलं नाही, मुलगा पाहिलेला नाही, आणि मी ओसरीत बसून तिची पाठवणी करतोय! दुसऱ्या दिवशी सतार लावली. झोपलो. पुस्तक छातीवर पडलं, बरगडी दुखली.

तिसऱ्या दिवशी बोट चुकून ढोलकीवर पडलं.

अहाहा! नुसती ढोलकी. आणि पानं अशी पळायला लागली म्हणता! धिनक धिनक करत किल्लेदार दरवाजातून बाहेर. धिनक धिनक करत घोडे नदीपार. एका पानावर राजाचा म्हातारा सेवक मरण पावला, तोही धिनक धिनक! वाईट वाटायला सवडच नाही. मला मार्ग सापडला होता. मी ठरवलं, रोज संध्याकाळी कामावरून आलो की ओसरीत खुर्ची टाकायची, कानात ढोलकी, मांडीवर कादंबरी. मग आभाळ कोसळलं तरी उठायचं नाही.

एकच अडचण. पन्नाशीचा माणूस, सरकारी नोकर. पोट्ट्यांसारखी कानात बटणं घालून बसलेला दिसलो तर लोक काय म्हणतील? म्हणून मी डोक्याला दुपट्टा गुंडाळायचो, कानांवरून चांगला घट्ट. आमच्याकडं निम्म्या गावाच्या डोक्याला दुपट्टा असतो, कोणाला काय शंका येणार!

आणि इथंच घात झाला. मला वाटायचं मी शांत बसून वाचतोय. पण बाहेरून काय दिसत होतं? डॉक्टर ओसरीत बसले आहेत. हातात जाडजूड पोथी. मान तालात डोलते आहे, पाय जमिनीवर ठेका धरतो आहे, ओठ हलत आहेत, आणि मधूनच मांडीवर थाप! (वाचताना माझे ओठ हलतात. शाळेपासूनची सवय.)

लोक यायचे, काही बोलायचे. मला ऐकू कुठं येतंय? माझी मान आपली डोलतच. धोंडबा नावाचे एक म्हातारे आले, तोंड एवढंसं करून काहीतरी सांगत होते. मी पानावरची लढाई जिंकत होतो, म्हणून हसलो. म्हातारे घरी गेले. दोन दिवसांनी कळलं, त्यांची गाय चारा खात नव्हती. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, "डॉक्टर आयकून हासले. म्हंजे घाबराचं काई काम नाई." गायही बिचारी आपोआप बरी झाली! गावात माझं नाव आणखी वाढलं. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही.

आता आमच्याकडच्या मंडईबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसभराची जत्राच. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, आणि मैदानात दंडारी नाचतात. दंडार म्हणजे ढोलकी, टाळ, गाणं, आणि गोल धरून नाचणारे गडी. त्यातला एक गडी लुगडं नेसून बाईचं सोंग घेतो. सगळ्यांची नजर त्याच्यावर. आमच्या गावची दंडार जुनी, आज्या-पणज्यांपासूनची. तिचे मुखिया शामराव, आणि ढोलकीवर गोमाजी. शामराव बोलायला गोड, गोमाजी म्हणजे मिरचीचा ठेचा.

त्या वर्षी बाईचं सोंग घेणारा देवाजी नेमका पाय मोडून बसला. शामराव माणूस शोधत हिंडत होते आणि रोज आमच्या घरावरून जात होते. चार दिवस त्यांनी मला पाहिलं. ती पोथी, तो ठेका, ते हलणारे ओठ! त्यांनी गोमाजीला ओढून आणून दाखवलं. गोमाजी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून माझा पाय पाहत राहिला आणि म्हणाला, "ताल पक्का हाये बुवाचा. एक मात्रा हुकत नाई. पाठ करून राहिला वाट्टे गानं."

आणि दोघं आले माझ्यासमोर. त्यांचं बोलणं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो.

शामराव म्हणाले, "डॉक्टर, यंदा दंडारीची पंचाईत झाली जी. देवाजीचा पाय मोडला. तुमी नाचान का त्याच्या जागी?"

किल्ल्याला वेढा पडला होता हो! ढोलकी चढली होती! मी मान डोलावली.

"खरंच नाचान?"

मी आणखी जोरात.

गोमाजी म्हणाला, "लुगडं नेसा लागन बरं! मंग मांगं नोको हटजा."

तिकडं बुरूज पडला. मी मांडीवर थाप मारली!

"मंग पक्कं?" शामरावांनी विचारलं, आणि मी पान उलटायला हात उचलला. त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली. मी क्षणभर वर पाहिलं. दोघं आनंदानं रडायच्या बेतात. मला वाटलं, कोणाची तरी म्हैस व्याली. मीही हसलो. ते गेले, मी परत बुरुजावर.

दुसऱ्या दिवशी शिंपी आला. गळ्यात फीत. मला वाटलं, मंदानं दिवाळीचा शर्ट टाकलाय. नजर पुस्तकातून न काढता हात वर केले. त्यानं छाती मोजली, दंड मोजले, काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. नंतर कळलं की त्यानं विचारलं होतं, "बाही फुग्याची ठेवू का जी?"

मंदालाही बातमी नळावर लागली होती. ती तरातरा येऊन माझ्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून बरंच काही बोलली. मी डोलतोय. शेवटी ती आत निघून गेली. मी म्हटलं, वा! नवरा वाचतोय म्हणून बायको आदरानं निघून गेली! पुढं तिनं अबोला धरला, मला तोही आदरच वाटला; आणि दिवसभर मी लस टोचत लांबच्या खेड्यांत, मग मला सांगणार कोण?

आणि मित्रांनो, पाडव्याच्या दिवशी दुपारी मी शेवटचं पान उलटलं. संपवली! अख्खी वीट संपवली! प्राची दिवाळीला आलेली होतीच. तिच्यापुढं पुस्तक आपटलं. "झालं!"

"वा बाबा! मग सांगा, किल्लेदाराचं शेवटी काय होतं?"

मी तोंड उघडलं. किल्लेदार... किल्लेदार... डोक्यात नुसतं धिनक धिनक! एक घोडा आठवत होता, तोही नाचणारा. "त्याचं... बरं होतं," मी म्हणालो. प्राचीनं कपाळाला हात लावला. किल्लेदार म्हणे तिसऱ्याच प्रकरणात मेला होता. मग पुढं इतके दिवस मी काळजी कोणाची करत होतो?

पण वाचली तर होती! त्या आनंदात मी दुपट्टा सोडला, कानांतली बटणं काढली. कितीतरी दिवसांनी ओसरीत बसून उघड्या कानांनी रस्त्यावरचा आवाज ऐकला. भोंगा लावलेला ऑटो गावातून फिरत होता.

"आयका हो आयका! परवा आपल्या गावची मंडई! आपली जुनी, नामांकित दंडार! आणि यंदाचं खास आकर्षण! लुगडं नेसून, घुंगरू बांधून, पयल्यांदाच तुमच्या भेटीले येऊन राहिले... आपल्या सर्वांचे लाडके... जनावराचे डॉक्टर!"

मी प्राचीकडं पाहिलं. प्राची माझ्याकडं.

"मंदे!" मी ओरडलो. "आपल्या गावात दुसरा कोनी जनावराचा डॉक्टर आला का वो?"

मंदा बाहेर आली. हातात तिचं हिरवं ठेवणीतलं लुगडं. ते माझ्या मांडीवर आदळलं. "घ्या! मले विचारलं बी नाई. माह्या भावाच्या वरातीत सारे हात ओढून राहिले होते, तं तुमी जाग्यावरून हालले नाई. म्हने माह्यात नाच नाई! अन् आता साऱ्या मुलखापुढं नाचाले तयार! वर मी इतकं बोलली, तं मुंडी हालवून 'हो हो' म्हनता मले?"

"मी कवा हो म्हनलो?"

"मी काय काय विचारलं मालूम हाये? म्हनलं, माह्यापेक्षा दंडार मोठी हाये का? हो म्हनले! म्हनलं, मी माहेरी जाऊ का? हो म्हनले! तेबी जोरात!"

प्राची एव्हाना जमिनीवर बसली होती, पोट धरून.

मी तसाच उठलो, शामरावांच्या घरी गेलो. अंगणात शामराव आणि गोमाजी नव्या घुंगरांना दोरी ओवत होते. मी सगळं सांगितलं. बटणं काढून दाखवली. ढोलकी, कादंबरी, दुपट्टा, सगळं. म्हटलं, "शामराव, माह्यानं नाई होत. मी हो म्हनलोच नाई जी. मी तं वाचत होतो."

गोमाजीनं दोरी खाली ठेवली आणि भडकला, "म्हंजे ह्या बटनाच्या भरवशावर आमी गावोगाव सांगून आलो?"

शामराव मात्र हळूच म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यावर जबरदस्ती नाई. पन मंग यंदा दंडार उभी नाई राहात. बाईच्या सोंगाबिगर कसली दंडार? उन्हाळ्यात आपले मारोतबुवा गेले. जनमभर ह्याच दंडारीत गाईले अन् नाचले. मराच्या आधी म्हनले होते, शाम्या, एक साल बी खंड नोको पडू देजो. दुसऱ्या गावच्या दंडारी येतीन, अन् आपलंच मैदान सुनं."

मारोतबुवा मला चांगले आठवत होते. त्यांच्या बैलाला मीच शेवटपर्यंत औषध देत होतो. मनात म्हणालो, मान माझीच डोलली ना? मग आता माघार नाही.

"आना ते घुंगरू," मी म्हणालो. "परवा नाचतो म्हंजे नाचतो!"

आता पुढचा दीड दिवस कसा गेला ते विचारू नका. खुर्चीत बसून माझा ताल पक्का होता, पण उभं केलं की पाय एकमेकांना ओळख द्यायला तयार नाहीत. गोमाजी वाजवतोय, मी उजवा पाय टाकतोय तेव्हा डावा टाकायचा असतो. गिरकी घेतली तर थेट गोठ्यात. गोमाजी म्हणाला, "बैल बी बरा फिरते मळनीत!" शामरावांनी समजावलं, "घाबरू नोका. बाईवानी लाजून खाली पाहाचं, पदर तोंडावर घ्याचा, अन् पाय हालवत राहाचे. बाकी आमी सांभाळतो. फक्त ते बटनं घरी ठेवून येजा."

पण माझ्या डोक्यात काय आलं असेल? बरोबर ओळखलंत! माझा ताल त्या मोबाईलमधल्या ढोलकीवर बसला होता. गोमाजीची ढोलकी माझ्या पायांना अनोळखी. म्हटलं, वर केसांचा टोप घालायचाच आहे. टोपाखाली कान. कानात बटणं. कोणाला कळणार आहे! डॉक्टर माणसाचं डोकं आहे शेवटी.

मंडईचा दिवस उजाडला. काय गर्दी! जिलब्या तळल्या जात होत्या, पाळणे फिरत होते. मंदानं स्वतः मला लुगडं नेसवलं. राग गेला नव्हता, त्यामुळं गाठ अशी आवळली की श्वास अर्धाच येत होता. पावडर, कुंकू, फुग्याच्या बाह्या. आरशात पाहिलं तर माझी आत्याच उभी! मोबाईल कमरेला खोचला, ढोलकी सुरू केली, पदर नाकापर्यंत ओढला आणि निघालो मैदानात.

आणि जमलं हो! खाली पाहत, लाजत, धिनक धिनक! पाय आपसूक पडत होते. बाजूच्या गड्यांचे पाय पदराखालून दिसत, तेवढ्यावर अंदाज धरला होता. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. एक फेरी झाली, दुसरी झाली.

थोड्या वेळानं बाजूचे पाय थांबलेले दिसले. मी म्हटलं, असेल, आता बाईनं एकटीनं नाचायचं असेल. देवाजीही मध्ये एकटा नाचायचा, मला आठवलं. मी पुढं सरकलो, मैदानाच्या मध्यात. हळूच पदराआडून पाहिलं.

काय पाहतो! अख्खं मैदान उभं. सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. सरपंचानं टोपी काढून हातात घेतलेली. जिलबीवाला झारा खाली ठेवून हात जोडून उभा!

मला भरून आलं. म्हटलं, वा रे डॉक्टर! लोक तुझ्या कलेपुढं नतमस्तक झाले! मग मी मागं हटतो का? जीव ओतला. अशी गिरकी घेतली की पदर फिरला, घुंगरू उसळले. सरपंचासमोर जाऊन तर कमरेत वाकून, मान वेळावून, असा झोकदार नमस्कार केला! सरपंचाचा चेहरा काळानिळा. मला वाटलं, भावना अनावर झाल्या.

समोर खुर्चीवर मारोतबुवांची बायको, बुधाबाई बसली होती. म्हातारीनं पदरात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. रडते बिचारी, मी मनात म्हटलं, नवऱ्याची आठवण आली असेल. मी तिच्यासमोर आणखी एक गिरकी घेतली.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझे केस धरले. गोमाजी! त्यानं टोप ओढला, टोपाबरोबर एक बटण कानातून उडालं आणि त्या कानात आलं... काहीच नाही. पूर्ण शांतता! हजारो माणसं, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत फक्त माझ्या पायातले घुंगरू. छुन छुन छुन.

गोमाजी दातओठ खात कानात बोलला, "मारोतबुवाले श्रद्धांजली चालू हाये, भैताडा!"

मी थांबलो. एक पाय वरच होता. तो खाली ठेवावा की नाही हेही कळेना, कारण ठेवला तर घुंगरू वाजणार. तसाच बगळ्यासारखा उभा राहिलो. लुगड्यात. टोपाशिवाय. कपाळावर कुंकू आणि वर टक्कल.

वाटलं, धरणी दुभंगावी. ज्यांच्यासाठी लुगडं नेसलो, त्यांच्याच श्रद्धांजलीत मी गिरक्या घेतल्या! मी तसाच लंगडत बुधाबाईपुढं गेलो, हात जोडले.

म्हातारीनं पदर बाजूला केला. ती रडत नव्हती हो. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "थांबला काहून रे बाबू?" ती म्हणाली. "मानूस मेल्यापासून मी आज पयल्यांदा हासली. त्यायले बी असंच होतं. एकदा नाचाले लागले का कोनाच्या बापाचं आयकत नव्हते. नाच तू. थांबू नोको."

झालं! आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, मग सगळं मैदान! सरपंचानं टोपी डोक्यावर घातली आणि तोही हसला. शामराव डोळे पुसत होते. गोमाजीनं माझ्या दुसऱ्या कानातलंही बटण काढलं, स्वतःच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, "आता माह्या ढोलकीवर नाच."

नाचलो. ऊन उतरेपर्यंत नाचलो. पाय चुकले, दोनदा पडलो, एकदा शामरावांना घेऊन पडलो. पण बसलो नाही. एकदा हो म्हटलं ना! मंदा पुढच्या रांगेत उभी राहून ओरडत होती, "लुगडं सांभाळा जी! माहेरचं हाये!" आणि प्राचीनं सगळं मोबाईलवर टिपलं, श्रद्धांजलीसकट. नागपुरात कोणी पाहायचं राहिलं असेल तर तो त्यांचा दोष.

मला वाटलं होतं, लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. दोन महिने गेले. संक्रांत आली. सकाळी मी अंगणात गाडी पुसत होतो, मंदा दारात तांदूळ निवडत होती. समोरच्या निर्मलाबाई करंडा घेऊन हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. सोज्वळ बाई, कधी कोणाची थट्टा करणार नाहीत. मंदाला कुंकू लावलं. मग सवयीनं करंडा घेऊन दोन पावलं माझ्याकडं आल्या, थबकल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या,

"वहिनी, उद्या सांजच्याले घरी येजा बरं. दोघीबी येजा!"

मी फडकं धरून उभा. म्हटलं, निदान बायको तरी काही बोलेल. तिनं तांदळातून मान वर केली आणि म्हणाली, "येतो ना! पन वाण म्हनून बांगड्या देनार असान, तं एक जोड मोठ्या मापाची ठेवजा."